दोरीखाली काय घालायचं

तोमोए हिगाशिदेला कपड्यांतलं कळत नाही असं म्हणायची छाती तेन्नोजीच्या त्या गल्लीत कुणाची झाली नसती. शिराउमे लाँड्रीच्या काउंटरमागे ती बावीस वर्षं उभी होती. कफ बघून माणूस डावखुरा आहे का ते सांगायची. डाग सोया सॉसचा की ताकोयाकीच्या सॉसचा, हे तिला वास न घेता कळायचं. तिच्याबरोबर काम करणारी किनुयो म्हणायची, "हिच्यापुढे कपडा टाकला की नवऱ्याची लफडी बाहेर पडलीच म्हणून समजा."

म्हणूनच उराबेबाई नावाच्या एका गिऱ्हाइकाच्या युकात्यांनी तिला हैराण केलं. दर पंधरा दिवसांनी सात-आठ युकाते, म्हणजे साधे सुती किमोनो, यायचे, वेगवेगळ्या मापांचे. डाग एकही नाही. पण मांडीच्या जागी गोल चुण्या, पाठीवर तिरप्या चुण्या, आणि चुण्यांच्या रेघेवर सोनेरी, बारीक कुसळासारखे तंतू चिकटलेले. नाटकमंडळी असावीत म्हणावं तर रंगाचा डाग नाही. कुस्ती म्हणावी तर घामाचा वास नाही. तोमोएच्या डोक्यात महिनाभर भुंगा फिरत राहिला. उराबेबाई साठीच्या, बुटक्या, केस बारीक कापलेल्या. दिसायला शाळेतून निवृत्त झालेल्या नर्ससारख्या. एका दुपारी पावती देता देता तोमोएच्या तोंडून निघूनच गेलं, "उराबे-सान, राग मानू नका, पण ह्या चुण्या कशाच्या?"

"दोरीच्या," बाई म्हणाल्या. "तागाच्या."

"काय बांधता?"

"माणसं. रविवारी दुपारी माझ्याकडे लोक येतात बांधून घ्यायला. बघायचं असेल तर या. बघायला काही लागत नाही."

मागे इस्त्रीच्या वाफेत उभ्या असलेल्या किनुयोला ह्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही, हे तोमोएचं नशीब.

ती गेली. स्टेशनपलीकडच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तातामीच्या चटया घातलेली मोठी खोली होती. सात-आठ माणसं चहा पीत भिंतीला टेकून बसली होती. मधे पन्नाशीचा एक गृहस्थ, शाळेतल्या मुलांसारखा निळा ट्रॅकसूट घालून. बँकेत असतो, असं शेजारच्याने सांगितलं. उराबेबाई त्याच्या पाठीमागे गुडघ्यांवर बसून दोरी फिरवत होत्या. बोलणं नाही, घाई नाही. अर्ध्या तासाने त्याला सोडलं, तर तो तिथेच आडवा होऊन तान्ह्या पोरासारखा झोपला. कुणी हसलं नाही. कुणीतरी त्याच्या अंगावर चादर टाकली.

तोमोए घरी आली आणि स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहिली. तिला त्या माणसाचा हेवा वाटत होता. बांधलेल्या माणसाचा हेवा! स्वतःवरच ती वैतागली. मग पुढल्या आठवड्यात काउंटरवरूनच, मान खाली घालून, तिने उराबेबाईंना विचारलं, "मला जमेल का?"

"जमायचं काय त्यात? बसायचं. कपडे तेवढे नीट निवडून आणा. बटण नको, चेन नको, तार नको, दागिना नको. दोरी घसरेल असं गुळगुळीत नको. आणि घासून खराब झालं तर रडू येईल असं काही नको."

झालं. बावीस वर्षं जगाच्या कपड्यांची कुंडली मांडणारी बाई आपल्या कपाटापुढे उभी राहिली आणि तिला काही म्हणता काही सुचेना.

कारण असं होतं. चार वर्षांपूर्वी तोमोएचा डावा स्तन काढला होता. कॅन्सर वेळेत सापडला, ती बरी झाली, नवरा त्याच्या आधीच सोडून गेला होता, त्यामुळे कुणाला तोंड द्यायचा प्रश्न आला नाही. लाँड्रीत सांगितलं की पोटाचं ऑपरेशन आहे. तेव्हापासून तिच्या ब्राच्या डाव्या कप्प्यात सिलिकॉनचा पॅड असे. आणि तेव्हापासून घेतलेला प्रत्येक कपडा एकाच कामासाठी घेतलेला होता. ढगळ, गडद, छातीवर चुण्या किंवा खिसे असलेला. आता त्या ढगळ कपड्यावरून दोरी जाणार. दोरी गेली की कपडा अंगाला बसणार. म्हणजे बटण नको, चेन नको ठीक, पण मग लपवायचं कशाने?

तिने पलंगावर सगळं मांडलं. जाड स्वेटर, तर त्यात दोरीचा ताण कळणार नाही. नायलॉनचा ट्रॅकसूट, तर तो गुळगुळीत. आईचा रेशमी किमोनो हातात घेतला आणि लगेच ठेवला. ताग रेशमाचं काय करतो हे तिला कुणी सांगायला नको होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

शेवटी तिने किनुयोला आडून विचारलं. "समज, अंगाला आवळेल, पण दिसणार काही नाही, असं काय घालतात गं?"

किनुयोने इस्त्री उभी केली. "कोण आहे तो?"

"कुणी नाही."

"पन्नाशीला आलीस, आता कसली लाजतेस! स्थळ बघायला चाललीयस ना? कुणी जुळवलं? त्या तांदळाच्या दुकानातल्या म्हातारीनं?"

"अगं, नाही."

"विधुर असेल तर पोरं किती ते आधी विचार."

दुसऱ्या दिवशी किनुयोने पिशवीतून एक जांभळी, चमचमती, अंगाला चिकटणारी वस्तू आणली. तिच्या व्यायामाच्या क्लासातली. "हे घाल आतून. पोट आत जातं. पुरुषाला काय कळतंय!" तोमोएने ती घरी नेऊन घातली, आरशात पाहिलं, आणि तिथल्या तिथे मटकन खाली बसून हसत सुटली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसण्याचं की दुसरं कसलं, हे तिचं तिलाच कळेना.

अखेर निळा युकाता ठरला, आत बिनतारेची घट्ट ब्रा आणि पॅड.

उराबेबाईंकडे आधी एक कागद भरायचा होता. जुनी दुखणी, गोळ्या, हाडं मोडली का. "शस्त्रक्रिया झाली आहे का?" ह्या ओळीवर तोमोएचं पेन थांबलं. मग तिने "नाही" असं लिहिलं. सुवाच्य.

खोलीत त्या दोघीच होत्या. उराबेबाई मागे बसल्या. पहिली दोरी छातीच्या वरच्या बाजूने गेली, दुसरी खालून. तागाला उन्हात वाळवलेल्या गवताचा वास होता. तोमोएने डोळे मिटले. खांदे आपोआप खाली आले. आणि तेवढ्यात, दोरी आवळली गेली तसा, पॅड सरकला. आधी थोडा. मग वर, गळ्याच्या हाडाकडे, साबणाच्या वडीसारखा.

"थांबा," ती म्हणाली.

"हाताला मुंग्या आल्या?"

"थांबा! थांबा!"

उराबेबाईंच्या हातांनी दोन झटक्यांत दोरी उतरवली. तोमोए पुढे वाकली, युकात्याचा गळा सुटला, आणि पॅड थप्पकन तातामीवर पडला.

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"डावी बाजू?" उराबेबाईंनी विचारलं. तोमोएने मान हलवली.

"काखेतल्या गाठी काढल्यात?"

"हो."

"हाताला कधी सूज?"

"एकदा. कपड्यांची पाटी उचलली होती तेव्हा."

उराबेबाई तिच्यापुढे येऊन बसल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "आता मी तुमचे हात पाठीमागे नेणार होते, हिगाशिदे-सान. दंडावरून दोरी आवळणार होते. गाठी काढलेला तो हात जन्माचा सुजून बसला असता, आणि तो मी सुजवला असता. कागदावर नाही लिहिलंत!"

"मला वाटलं, कपड्यात झाकलं जाईल."

"कपड्यात झाका ना, खुशाल झाका! मी कुठे उघडा म्हटलं? पण मला सांगायचं होतं."

त्या ओरडल्या नाहीत, आणि तोमोएला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. "डॉक्टरांना विचारून या," एवढंच बोलून त्यांनी दोरीची गुंडाळी करायला घेतली. तोमोए पॅड पिशवीत कोंबून जिना उतरली. रस्त्यात तिला आधी भयंकर लाज वाटली, मग राग आला, मग आपण नक्की कुणावर रागावलोय हे आठवेना. त्या नादात गाडीतून एक स्टेशन पुढे जाऊन उतरली.

तपासणीची तारीख पंधरा दिवसांवर होती. डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलताना कॉम्प्युटरकडे बघणारी. तोमोएने घरून वाक्य पाठ करून नेलं होतं.

"डॉक्टर, अंगावरून पट्टा बांधला तर चालेल का?"

"कसला पट्टा? कंबरेचा?"

"पट्टा म्हणजे... दोरी."

"गिर्यारोहण करता?"

इथे हो म्हणायची सोय होती. तोमोएने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "नाही. एक बाई आहेत, त्या माणसांना दोरीने बांधतात. मला बांधून घ्यायचंय."

डॉक्टरने पहिल्यांदाच कॉम्प्युटरवरून नजर काढली. मग तिने एका कागदावर माणसाचं चित्र काढलं आणि डावा हात, डावी छाती, काख लाल पेनने भरून टाकली. "इथे नाही. कधीच नाही. बाकी तुमची त्वचा चांगली आहे, हाडं चांगली आहेत." तिने कागद पुढे सरकवला. "काय घालून बसतात?"

"तेच तर कळत नाहीये," तोमोए म्हणाली.

तो कागद घेऊन ती उराबेबाईंकडे गेली. बाईंनी चष्मा लावून चित्र पाहिलं, घडी घालून कागदांच्या फाइलमध्ये ठेवलं. "कंबर आणि पाय. पुढच्या रविवारी या."

आता खरं तर सगळं सोपं व्हायला हवं होतं. दोरी छातीवर येणारच नव्हती. म्हणजे पॅड घालून गेलं तरी हरकत नव्हती, ढगळ अंगरखा चालत होता, काहीही चालत होतं. आणि नेमकं त्यामुळेच तिची मती गुंग झाली. इतके दिवस काय घालायचं ते लपवण्यानं ठरवलं होतं. ती अटच निघून गेल्यावर निवडायचं कशावरून? रविवारी ती चार जोड पिशवीत भरून घेऊन गेली, आणि पडद्याआड गेली ती बाहेरच येईना.

"चहा गार झाला," बाहेरून उराबेबाई म्हणाल्या.

"सेन्सेइ, तुम्ही गुरू, तुम्हीच सांगा."

"मी घालणार आहे का? तुम्ही बसणार आहात त्यात."

"घरी बसल्यावर मी जुना पायजमा घालते."

"मग?"

पायजमा पिशवीत तळाशी होता. तो का आणला होता हे तिला माहीत नव्हतं. राखाडी, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेला, आणि त्यावरचा बनियनसारखा सदरा. घरी ती तो पॅडशिवाय घालायची. आता पॅड हातात धरून ती मिनिटभर उभी राहिली. मग तो पिशवीत ठेवला, आणि ठेवल्या ठेवल्या पस्तावली, पण तोवर पडदा सरकवून बाहेर आली होती. सदऱ्याची डावी बाजू सपाट.

उराबेबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर पायजम्यावर थांबली. कपाळाला आठ्या पडल्या.

"उलटा घाला."

"काय?"

"पायजमा. शिवणी बाहेर काढा. दोरी शिवणीवर बसली की शिवण मांडीत रुतते, घरी जाईपर्यंत ठणकते. लाँड्रीत काम करता आणि हे माहीत नाही?"

तोमोएचा चेहरा असा झाला की उराबेबाईंनाच हसू आलं. ती परत पडद्याआड गेली आणि पायजमा उलटा करून आली.

मग बसली. दोरी कंबरेभोवती, मांडीभोवती, पोटऱ्यांभोवती फिरत गेली. दोन्ही हात मोकळेच, मांडीवर ठेवलेले. तिला वाटलं होतं रडू येईल, नाहीतर त्या बँकेतल्या माणसासारखी झोप येईल. तसलं काही झालं नाही. खिडकीबाहेर कुणीतरी गाद्या झटकत होतं. पाय जागचे हलत नव्हते आणि त्यांना कुठे जायचंही नव्हतं. पंधरा मिनिटांनी तिच्या लक्षात आलं की आपला डावा हात छातीवर नाही. चार वर्षं घोळक्यात, दुकानात, बसलेली असताना तो हात आपोआप तिथे जायचा. आता तो मांडीवर उताणा पडला होता, कुणा दुसऱ्याचा असावा तसा. ती त्याच्याकडे बघत राहिली. हे चांगलं की वाईट, ते तिला ठरवता येईना.

सोडल्यावर उराबेबाईंनी विचारलं, "कसं वाटलं?"

"माहीत नाही," तोमोए म्हणाली. आणि मग, "परत येईन."

ती महिन्यातून एकदा जाऊ लागली. दर वेळी वेगळं काहीतरी घालून बघायची. एकदा कॉर्डरॉय नेलं आणि हात पोळल्यासारख्या उराबेबाई किंचाळल्या. एकदा पॅड घालून गेली, एकदा न घालता. कधी कसं आणि का, हे उराबेबाईंनी विचारलं नाही.

चेरी फुलून गेल्यावर एका सोमवारी सुट्टीच्या दिवशी ती बाजारात एका कपड्यांच्या दुकानात शिरली. चार वर्षांत पहिल्यांदाच तिला स्वतःसाठी रंग बघावासा वाटला. हळदी पिवळा. दुकानातली मुलगी धावत आली. "कशासाठी हवंय, बाई? ऑफिस, समारंभ, प्रवास?"

तोमोएने खूप विचार केला.

"बसून राहायला," ती म्हणाली.

मुलीने मान डोलावली आणि दोन सदरे काढले, एक हळदी, एक फिकट हिरवा. तोमोएने दोन्ही हातात घेतले, शिवणी तपासल्या, उजेडात धरले, परत ठेवले, परत घेतले. दुकान बंद व्हायची वेळ होईपर्यंत कोणता तो तिला ठरवता आला नाही. मुलगीही बिचारी कंटाळली. शेवटी तिने दोन्ही घेतले.