सापांचं सागवान
पॉलिशचा वास आला की मला कामतघरची आमची खोली आठवते. माझा नवरा सुतार. नव्वद सालच्या आसपास एक मास्तर लोकांच्या घरात निघालेले साप पकडायचे आणि रानात सोडीपर्यंत स्वतःच्या घरी ठेवायचे. पाहुणे घाबरू नयेत म्हणून त्यांनी यांना एकावर एक बसणाऱ्या तीन पेट्या करायला सांगितल्या, दिसायला थेट कपाट. मोडीत निघालेल्या हातमागांचं सागवान, पुढे सरकती काच, मागे हवेला भोकं. महिनाभर हे त्या लाकडावरून मायेने हात फिरवत होते आणि माझी भांडी बिस्किटांच्या खोक्यात. "सापांना कपाट आणि मला खोका?" मी भडकले. "भांडी काय पळून जातात?" हे हसले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाणाच्या वाट्या मुद्दाम त्या पेट्यांत मांडल्या. "नवीन केलंत वाटतं?" शेजारणींनी विचारलं, आणि मी "हो" म्हणून बसले. तेवढ्यात मास्तर हातगाडी घेऊन दारात. "वहिनी, आमच्या सापांच्या पेट्या झाल्या ना?" सगळ्यांसमोर मी एकेक वाटी बाहेर काढली. आता सुनेने भिंतभर कपाटं करून घेतलीत, चकाचक. पण बोटाने ठोकलं की कळतं, आत नुसता दाबलेला भुसा आहे. सागवान सापांनाच मिळालं.