सेप्सिसचे उंदीर आणि आमचे सर

आमच्या परळच्या लॅबमध्ये शोध लागत नाहीत, किस्से मात्र ढिगाने साचतात. मी इथली टेक्निशियन. इन्फेक्शनमुळे अंगभर दाह भडकतो नि एकेक अवयव बंद पडत जातो, त्या सेप्सिसवर इथे काम चालतं. काडेचिराईत या कडू वनस्पतीतल्या घटकाने तो दाह शमतो का, हे उंदरांवर बघायचं. काम करते वैशाली, घोडपदेवची, पीएचडीचं पाचवं वर्ष. बोलतात तिचे गाईड, म्हणजे आमचे सर!

*

लालबागच्या एका सोसायटीत सरांचं लेक्चर होतं. "सेप्सिसवर आमचं औषध रामबाण!"

पुढच्या खुर्चीतले आजोबा म्हणाले, "खंय गावता?"

"दुकानात नाही मिळत, अजून फक्त उंदरांनाच देतो."

"मगे भाषणाक उंदरांकच बोलवूचा होता!"

*

एकदा सरांच्या पायाची जखम चिघळली, ताप भरला. वैशालीने साळसूदपणे विचारलं, "सर, आपला घटक देऊ?"

"वेडी आहेस का? अँटिबायोटिक आण!"

*

उंदरांना सेप्सिससारखा दाह व्हावा म्हणून आधी एक विष टोचतात. ते सरांनी शेजारच्या लॅबमधून फुकटात मागून आणलं. वैशालीने लेबल दाखवलं, "सर, हे एक्स्पायर झालंय."

सर खेकसले, "विषाला कसली आलीय मुदत!"

टोचलं मग तेच.

*

औषध दिलेले सगळे उंदीर जगले. सरांनी डिपार्टमेंटभर पेढे वाटले.

वैशाली हळूच म्हणाली, "सर, औषध न दिलेलेपण सगळे जिवंत आहेत."

"तू पेढा खा आधी!"

मग केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "ते आकडे लिहायचे नाहीत. थिसिसवर माझी सही हवी ना?" पोरगी रडत बाहेर आली. मला असा संताप आला होता, काय सांगू! पाच वर्षं घासली तिने, आणि हा माणूस पेढे वाटत फिरतोय!

*

वैशालीच्या प्रेझेंटेशनला बाहेरच्या परीक्षक मॅडम आल्या होत्या. ग्राफ बघून त्यांनी एवढंच विचारलं, "औषध न दिलेले किती मेले?"

वैशालीने सरांकडे पाहिलं. सरांनी डोळे वटारले. तरी ती म्हणाली,

"एकही नाही, मॅडम. विषच बाद होतं. प्रयोग पुन्हा करायला हवा."

मॅडम म्हणाल्या, "शाब्बास! हिला मुदत वाढवून द्या, आणि विषाची नवी बाटली द्या."

तेवढ्यात सर ताडकन उभे राहिले. "पण मॅडम, पिंजरे शेजारी-शेजारीच होते! त्यांनाही थोडाफार गुण आला असणार!"