आमेन न झालेला गुरुवार

माझा राग मिटलेल्या डोळ्यांवर होता. देवावर होता की नाही, हे तपासायला मला फुरसत नव्हती. आमच्या छावणी भागातल्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, कधी तेही नाही. धरण भरल्याचे फोटो पेपरात आणि बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत उन्हात. अशा शहरात चांगली शहाणीसुरती माणसं दर गुरुवारी संध्याकाळी एका खोलीत जमतात, बायबल वाचतात आणि डोळे मिटून गप्प बसतात, याचा मला संताप यायचा. त्या माणसांत मीही बसलेली असायचे, याचा तर जास्तच.

आई गेल्यावर मी तिथं जायला लागले. भक्ती वगैरे काही नाही. गुरुवारी संध्याकाळी आई घरातून निघायची, त्या वेळेला घरात एकटीला बसवत नव्हतं, म्हणून तिच्या जागेवर जाऊन बसले. बाकीचे दिवस मी पाण्याच्या आंदोलनात असते. पत्रकं लिहिते, वाटते, घोषणा देते. माझ्या पत्रकात 'कृपया' हा शब्द सापडायचा नाही.

आमचा गट सरांच्या माडीवर भरतो. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर; अख्खी छावणी त्यांना नुसतं सर म्हणते. दारात प्रत्येकाला आमच्या ख्रिस्ती रिवाजानं 'सलाम' करून आत घ्यायचे, मग उतारा काढायचा. उतारा कुणी निवडत नाही, मागच्या गुरुवारी जिथं थांबलो तिथून पुढं. खुर्च्यांवर गोल बसून प्रत्येकानं एकेक वचन वाचायचं. आणि वाचून झालं की लगेच तोंड उघडायचं नाही, हा सरांचा कडक नियम. आधी मौन. "आपण वचनावर बोलायच्या आधी वचनाला आपल्याशी बोलू दे," असं ते म्हणत. डोळे मिटून, मान खाली घालून सगळे बसायचे, आणि सर 'आमेन' म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. कधी ते लवकर व्हायचं, कधी लई वेळ लागायचा. सरांची प्रार्थना लांबली, एवढंच लोक समजायचे.

मी डोळे कधी मिटले नाहीत. तेवढा एक निषेध मी शिल्लक ठेवला होता. जोसेफकाका, कारखान्यातून रिटायर झालेले, तोंडाचे फटकळ, एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचं ध्यान चपलांवर असतं. अगं पोरी, आमच्या फाटक्या चपला कोण नेतंय? मिट की डोळे!" सगळे हसले. सरही हसले, पण त्यांनी मला कधी टोकलं नाही.

त्या गुरुवारी मी मुद्दाम लवकर गेले. सोमवारी महापालिकेवर मोर्चा होता. मला गटाचा पाठिंबा हवा होता, पत्रकाखाली गट म्हणून नाव हवं होतं. सरांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि म्हणाले, "मी येतो सोमवारी. ज्याला यायचं तो येईल. पण गटाचं नाव नको, बाळ. या दारातून कुणालाही येता आलं पाहिजे. टँकरमालक आला, तर त्याला आधी तुझं पत्रक दाखवायचं का?"

माझं डोकंच फिरलं. "टँकरमालकाला कशाला बोलावताय सर? त्याला नरकात जागा आहे ना राखून!" मी म्हणाले. "आणि तुम्ही बसा इथं डोळे मिटून. माझा आजचा शेवटचा गुरुवार."

मार्थाकाकू, सरांच्या पत्नी, चहाचे कप लावत होत्या. त्यांचा हात थबकला. सर एवढंच म्हणाले, "बरं. आजचा उतारा तरी वाचून जा."

उतारा निघाला तो बागेतल्या रात्रीचा. प्रभू आपल्या जिवाच्या आकांतानं प्रार्थना करतोय आणि सोबतीला आणलेले शिष्य झोपलेत. वाचत वाचत पाळी माझ्यावर आली, आणि माझ्या वाट्याला नेमकं ते वचन आलं ज्यात तो त्यांना विचारतो, तुम्हाला घटकाभर जागंही राहवलं नाही का? मी ते वचन सरांकडं बघत, पत्रक वाचावं तसं, प्रत्येक शब्द आपटत वाचलं. सर माझ्याकडं बघून किंचित हसले. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला, डोळे मिटले. मौन सुरू झालं.

त्याच वेळी खाली टँकर आला. हॉर्न, बायकांचा गलका, पिंपांचा खडखडाट. गल्ली अरुंद, टँकर उभा राहिला की सायकलसुद्धा निघत नाही. मी खिडकीतून खाली बघत मनात पुढचं पत्रक जुळवत होते. थोड्या वेळानं नजर खोलीत आणली. सगळे तसेच बसलेले. आणि सरांचा उजवा हात गुडघ्यावरून हळूहळू घसरत होता.

तो खाली लोंबकळला तरी सरांनी तो उचलला नाही. चष्मा मांडीवरून पडला. तोंडाची एक बाजू खाली ओढल्यासारखी झाली होती आणि ओठाच्या कडेनं लाळ येत होती.

"सर?" मी म्हणाले.

"श्श," कुणीतरी.

"सर! काकू, सरांकडं बघा!"

काकूंनी डोळे न उघडता हात वर केला, गप्प बस म्हणून. जोसेफकाका पुटपुटले, "आज तरी नको गं बाई." त्यांना वाटलं मी भांडून आलेय, शेवटच्या दिवशी मौनही मोडायला निघालेय. माणसाच्या जिवावर बेतलं होतं आणि त्याच्या चार हातांवर, त्याच्यावर जीव टाकणारी सगळी माणसं तो प्रार्थनेत आहे म्हणून शांत बसली होती. यात त्यांची चूक काय? आमेन आलेलं नव्हतं.

मी किंचाळले, "डोळे उघडा! सगळ्यांनी डोळे उघडा!"

त्यानंतरचं सगळं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. काकूंचा 'अहो' असा एकच आवाज. मी रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी लांब होती, निघाली आहे म्हणाले, आणि पुढं विचारलं, गल्लीत गाडी शिरेल का? मी खाली बघितलं. टँकर. जोसेफकाका गुडघ्यांवर बसून मोठ्यानं प्रार्थना करू लागले, तेव्हा माझा तोल गेला. "काका, प्रार्थना मागनं! आधी खुर्ची धरा!"

काकूंनी पदर खोचला होता. प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय त्यांनी आधीच धरला होता. "दोन्ही होतंय," त्या म्हणाल्या, "तू मागची बाजू धर." आणि खरंच, ओठांनी प्रभूचं नाव घेत आणि हातांनी नवऱ्याला उचलत त्या जिना उतरल्या. लोखंडी, अरुंद जिना. सरांची मान एका बाजूला कललेली. एकेक पायरीला मी खुर्ची मागं ओढून धरत होते.

खाली खुर्ची टेकवली आणि मी गल्लीच्या तोंडाशी रिक्षासाठी धावले. माझा स्वभावच तो. काही अडलं की धावायचं, ओरडायचं, कुणाच्या तरी टेबलावर हात आपटायचा. रस्त्यावर रिक्षा होत्या, भरलेल्या. एक थांबला, "पेशंट? नको ताई," म्हणाला आणि गेला. पुन्हा रुग्णवाहिकेला फोन केला, तेच उत्तर. ओळखीच्या दोन कार्यकर्त्यांना केला, कुणी उचलला नाही. तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि मला स्वच्छ कळलं की आता माझ्याकडं करण्यासारखं काही उरलेलं नाही. हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. आई आजारी होती तेव्हासुद्धा मी डॉक्टरांशी भांडत राहिले होते.

मी रिकाम्या हातांनी गल्लीत परतले. आणि बघते तर बायकांनी टँकरचा पाइप पिंपातून ओढून बाहेर काढला होता. पाणी धो धो गटारात चाललं होतं. आठवडाभर वाट बघितलेलं पाणी, ज्याच्या एका हंड्यावरून इथं झिंज्या उपटल्या जातात, ते वाहून चाललं होतं आणि कुणी त्याच्याकडं बघतही नव्हतं. कमलबाई, समोरच्या बौद्ध कुटुंबातल्या, रांगेत नेहमी पहिल्या आणि भांडणातही पहिल्या, टँकरवाल्यावर ओरडत होत्या, "अरे कॉक बंद होईना तर राहू दे तसाच! दार उघड आधी! माझ्या तिन्ही लेकरांना शिकवलंय त्या माणसानं!"

टँकरवाल्यानं केबिनचं दार उघडलं होतं. चौघांनी सरांना वर चढवलं. मी आणि काकू दोन्ही बाजूंनी धरून बसलो. निघता निघता कुणीतरी कॉक आवळला आणि टँकर मागं घेत घेत गल्लीतून निघाला, तो थेट हॉर्नवर हात ठेवूनच.

चालवणारा सिल्लोडचा, नाव शकीलभाई. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यानं एकदा माझ्याकडं वळून बघितलं. "तुम्हीच ना वो त्या पत्रकवाल्या ताई? टँकरवाले पाणीचोर म्हणून लिवलेलं?"

माझ्या पर्समध्ये त्याच पत्रकांचा गठ्ठा होता.

"लिवलंय बराबर," तो म्हणाला, "फकस्त मालकाचं नाव टाकायचं होतं. ड्रायव्हरला काय शिव्या देता?" आणि मिल कॉर्नरची गर्दी दिसताच त्यानं काच खाली करून अशा काही शिव्या हासडल्या की मार्थाकाकू तशा स्थितीतही दचकल्या. "माफ करो खाला," तो म्हणाला. "ऐसे नहीं बोले तो कोई हटता नहीं."

सरांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. श्वास घरघरत होता. ते गेले तर माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं नरकावरचं असणार होतं. मला बोलता येईना, भांडता येईना. घोषणा हजार पाठ होत्या, त्यातली एकही चालण्यासारखी नव्हती. मी मनात म्हणाले, मला आता काही येत नाही. तू बघ. एवढंच. डोळे मिटले होते की उघडे, आठवत नाही. आईच्या चेहऱ्यावर शेवटच्या दिवसांत जे स्वस्थपण आलं होतं आणि ज्याची मला चीड यायची, त्याचा एक थेंब तेव्हा माझ्या वाट्याला आला. भीती गेली नव्हती. पण ती धरायला माझ्याशिवाय आणखी कुणीतरी आहे, असं वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, झटका कधी आला? नक्की सांगा, मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन वेळेतच देता येतं. वेळ माहीत नसेल तर देता येत नाही. काकू रडायला लागल्या. त्यांनी काय सांगायचं? सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मी म्हणाले, टँकरचा हॉर्न वाजला तेव्हा ते ठीक होते, चष्मा त्यांनी स्वतः काढून ठेवला. त्यानंतर थोड्या वेळानं हात घसरला, तो मी पाहिला. शकीलभाई मागंच उभा होता. गल्लीत पोचलो की मालकाला फोन करावा लागतो; त्या फोनची वेळ दाखवायला त्यानं मोबाइल काढून डॉक्टरांपुढं धरला. डॉक्टरांनी वेळ बघितली आणि सरांना आत नेलं.

मी याला चमत्कार म्हणा असं कुणाला सांगणार नाही. ज्याला संबंध जोडायचा त्यानं जोडावा. मला एवढं माहीत आहे की माझा हट्ट, ज्याला मी निषेध म्हणत होते, आणि ज्याला मी पाणीचोर लिहिलं त्याचा फोन, हे दोन्ही कुणीतरी त्या संध्याकाळी कामाला लावलं. मी लावलं नाही.

बाकीचे मागनं रिक्षानं आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही भिंतीला टेकून बसलो. जोसेफकाकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.

सर वाचले. उजवा हात अजून पुरता उचलला जात नाही, बोलणं जड आहे. मी माडीवर भेटायला गेले तेव्हा नुकते शब्द फुटू लागले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी डाव्या हातानं थांबवलं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. लई वेळ जुळवाजुळव करून, घाम येईपर्यंत धडपडून त्यांनी विचारलं, "पाणी... बायकांना... मिळालं?"

पाण्यासाठी जीव टाकणारी मी, त्या गुरुवारी गल्ली कोरडी राहिली असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी तशीच उठून गल्लीत गेले. कमलबाई दारात भांडी घासत होत्या, अगदी थोडक्या पाण्यात. मी विचारलं, त्या दिवशी मग पाण्याचं काय केलं?

त्यांनी मानही वर केली नाही. "टँकरात होतं थोडं, तो भाई परत येऊन देऊन गेला. वाटून घेतलं. पाण्याचं काय घिऊन बसलीस?" मग हात थांबवून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सर बोलाय लागले का?"

"लागले," मी म्हणाले. "पहिलं तुमचंच विचारलं."

कमलबाईंनी पदर तोंडाला लावला. मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसले. मोर्चे मी सोडलेले नाहीत, सोडणारही नाही. पाणी हा हक्क आहे आणि तो मागावाच लागतो. पण त्या दिवशी माडीवरून निघालेली विचारपूस गल्लीत पोचवून आणि गल्लीतली परत माडीवर न्यायला निघताना मला वाटलं, एवढंच काम प्रभूनं मला आयुष्यभर दिलं तरी चालेल. त्यानं मला त्या खोलीत बसवून ठेवलं, माझ्या रागासकट. याबद्दल त्याचे आभार मानायला मला अजून नीट शब्द सापडत नाहीत. मी उठले, सरांना सांगायला गेले.