मधली रिकामी खाच

आमचे बाबा तराजू दुरुस्त करायचे. दिवसभर दुसऱ्यांची वजनं तपासून घरी आले की त्यांना एकच नाद, जुनी ब्रिटिश चांदीची शिलिंगं. प्रत्येक नाणं आधी छोट्या काट्यावर चढायचं. साडेपाच ग्रॅमच्या जरा वर भरलं, तरच त्याला लाकडी ट्रेमध्ये खाच मिळायची. ट्रे तळहाताच्या फोडासारखा जपलेला. नाण्याला हात लावायचा तो बोटं पुसून, आणि तोही कडेलाच.

नाणी राजांच्या क्रमाने लावलेली. नवा राजा आधीच्याच्या उलट दिशेला बघतो, हा तिथला रिवाज. राणी डावीकडे, तिचा मुलगा उजवीकडे, नातू पुन्हा डावीकडे. त्याच्यापुढची खाच रिकामी. का, ते ऐकून माझे कान किटलेत. नातवाच्या थोरल्या मुलाने वर्षाच्या आतच गादी सोडली, त्याचं शिलिंग चलनात आलंच नाही आणि धाकट्याला बसवलं. पण धाकट्याचं तोंडही डावीकडेच, जणू मध्ये थोरला उजवीकडे बघून गेलाय.

"म्हणून त्याची जागा सोडायची," बाबा म्हणतात.

आमच्या घरातही एक जागा सोडलेली आहे. दादा अकरा वर्षांपूर्वी भांडून गेला, त्याची खोली तशीच बंद आहे. बाबांची एक बाजू लुळी पडली तेव्हापासून आंघोळ, औषधं, कूस बदलणं, सगळं माझ्याकडे. खरं सांगतो, मी थकलोय. दादाचा राग येतो, आणि त्याहून जास्त बाबांचा.

गेल्या रविवारी दादा आला, तासाभरासाठी. बाबांचा चेहरा असा फुलला की मी चहाच्या निमित्ताने आत सटकलो. बाहेर आलो तर ट्रे दादाच्या मांडीवर.

"हे सगळं तुझं," बाबा म्हणत होते.

दादाने एक शिलिंग उचललं, राजाच्या तोंडावर अंगठा दाबून.

"या रिकाम्या खाचेतलं कुठे गेलं? हरवलं का?"

त्याला माहीतच नव्हतं! बाबांनी हौसेने राणीपासून सुरुवात केली. नातवापर्यंत पोचले तोच दादाचा फोन वाजला. बोलत बोलतच तो जिना उतरला. ट्रे तिथेच राहिला.

मी नाण्यावरचा अंगठ्याचा डाग मऊ फडक्याने टिपत बसलो.

"बाबा, त्या धाकट्याला गादी हवी होती का हो?"

"छे. त्याला विचारलंय कोणी?"

"मग तुम्ही तरी विचारा."

तोंडून निघून गेलं खरं. बाबांनी रिकाम्या खाचेकडे बघितलं. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"तुला कुठे जायचं होतं रे?"

अकरा वर्षं या प्रश्नाचं उत्तर मला तोंडपाठ होतं. मी बोलायला गेलो आणि मला काही केल्या ते आठवेना.