दिलीपनं ऐकलेली हाक

ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. बायकोला – सुनंदाला – नाही, मुलीला नाही, आणि दिलीपला तर नाहीच. आज तुमच्यापाशी बोलतोय. कुठून सुरुवात करू?

दिलीप पुण्याचा, मी नाशिकचा. कुवेतमध्ये एकाच तेल कंपनीत होतो, अबू हलीफा भागात समोरासमोरच्या इमारतींत राहायचो. इराकी फौजा शिरल्या तेव्हा मी आईच्या आजारपणासाठी एकटाच नाशिकला गेलो होतो. सुनंदा आणि आमची लहानगी तिकडे अडकल्या. दिलीपनं त्यांना बसमधून, वाळवंटातून जॉर्डनपर्यंत नेलं. स्वतःच्या वाटणीचं पाणी माझ्या मुलीला पाजलं. दोघींना मुंबईत आणून माझ्या हवाली केलं. केवढे उपकार – नाही का? मग मला त्याचा राग का यायचा?

युद्ध संपलं, आम्ही सगळे कुवेतला परतलो. जेवताना सुनंदा म्हणायची, "दिलीपभाऊजी नसते तर..." वाक्य कधी पुरं करायची नाही. मुलगी पडली की त्याच्याकडे धावायची. मी तिथं नव्हतो – एवढंच. पण ते रोज, ताटावर बसलं की पुन्हा ऐकायचं... कळतंय का तुम्हाला?

त्या हिवाळ्यात आसपासचे रिकामे फ्लॅट फुटत होते. घरात काहीतरी हत्यार असावं, असं माझ्या मनानं घेतलं. हमीदभाई म्हणून रायगडकडचे हार्डवेअरवाले होते, दुकान आवरून कायमचे गावी निघालेले. पळताना इराकी सैनिक त्यांच्या गोदामात दोन रिव्हॉल्वर टाकून गेले होते. परदेशी माणसाकडे हत्यार सापडलं तर थेट तुरुंग, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी एका दुपारी, सुनंदा मुलीला घेऊन बाजारात गेलेली असताना, ते पिशवी घेऊन आले.

दोन्ही मध्यम आकाराची, त्या काळी खूप खपणारी. एक पोलादी, लाकडी मुठीचं – हाताला जड, चाप ताठ. दुसरं काळं, रबरी मुठीचं – चाप अगदी मऊ.

"आधी उघडून बघा हां. मला त्यातलं काही कळत नाही," हमीदभाई म्हणाले आणि नमाजासाठी आतल्या खोलीत गेले.

पोलादी मी उघडलं. रिकामं होतं. काळं – ते उघडलं नाही.

समोरच्या गॅलरीत दिलीप पाठमोरा उभा होता, कपडे वाळत घालत. माझी खिडकी बंद, पडदा अर्धा ओढलेला. नेम कसा बसतो ते बघायला – असं म्हणू या – मी नळी त्याच्या मानेवर रोखली आणि चाप ओढला.

टक्.

दिलीपनं मानेवर हात ठेवला. हळूहळू वळला. आणि थेट माझ्या खिडकीकडे बघत राहिला. काचेवर ऊन होतं. त्याला मी दिसणं शक्यच नव्हतं.

हमीदभाई बाहेर आले. त्यांनी काळं उघडलं आणि एक गोळी सतरंजीवर पडली. चक्रीच्या पुढच्याच घरात होती ती – चाप आणखी एकदा ओढला असता, तर सुटली असती.

"चाप ओढलात तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही पिशवीत भरली. नंतर कळलं, समुद्रात टाकली.

संध्याकाळी दिलीप चहाला आला. "काय रे, दुपारी हाक कशाला मारलीस?"

"मी? नाही बुवा."

"तुझाच आवाज. अगदी कानाशी."

सुनंदा हसली. मी उठून पडदा लावून टाकला.

पुढं कितीतरी वर्षं तो हे चारचौघांत रंगवून सांगायचा. मुलगी शिकायला परदेशी निघाली, तिला सोडायला आला, तेव्हाही विमानतळावर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आता तरी सांग, का बोलावलं होतंस?" मी हसण्यावारी नेलं. तो हसला नाही.

त्यानं काय ऐकलं, मला माहीत नाही. मी तोंडही उघडलं नव्हतं.

पण काळं रिव्हॉल्वर उघडायचं मी विसरलो नव्हतो, मुद्दामच उघडलं नव्हतं. आणि टक् झालं तेव्हा मला हायसं वाटलं नाही – वाटलं, गेली संधी. दिलीप माझ्याकडे तोंड करून उभा होता, आणि माझं बोट पुन्हा चाप ओढायला लागलं होतं. घोडा निम्मा मागं आला होता. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार वाजलं, म्हणून हात खाली घेतला.

दार वाजलं नसतं, तर मी थांबलो नसतो.