कॅलगरीच्या फुटपाथवर दोन खुर्च्या

मंडळी, जुलैत आम्ही दोघं कॅनडाला जातोय. गुडघ्यामुळे ह्यांना दोन तास उभं राहता येत नाही, म्हणून कॅलगरीच्या जत्रेची परेड मी यादीतून खोडली होती.

आज आमची इथली हार्लेमची डच शेजारीण मारियान, जी कॅलगरीत राहून आलीय, म्हणाली, "पहाटे घडीच्या खुर्च्या फुटपाथवर ठेवा आणि खुशाल नाश्त्याला जा."

"कुणी बसलं तर?"

"कोण बसेल? इथे राजाच्या वाढदिवसाला जुनं सामान विकायला आपण आदल्या दिवशी खडूने जागा आखतो, ती कुणी घेतं का?"

हे लगेच म्हणाले, "आपण एसटीत रुमाल टाकायचो, तसंच!"

"आणि त्यावरून भांडायचो," मी सुनावलं.

तरी परेड पुन्हा यादीत लिहिलीय. कॅनडावाल्यांनो, खरं सांगा, नाश्ता करून परतल्यावर ह्यांची खुर्ची रिकामी सापडेल ना?