दादाची दुसरी रेघ

उन्हाळ्याच्या सुट्टीत भिलाईला भावाकडे जायचं ते झोप काढायला, असा माझा बेत होता. मी नागपुरात एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळते. वर्षभर परीक्षानळ्या धुते आणि फुटलेल्या गोळा करते. सुट्टीत काचेला हात लावायचं मला काही कारण नव्हतं. पण पोचले त्याच दिवशी वहिनीनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"ताई, तुमच्या दादाले कुठं तरी घेऊन जा. सकाळच्या टाइमाले. कुठंबी."

दादा स्टील प्लांटच्या रेल मिलमधून नुकताच रिटायर झाला होता. क्वार्टर सोडून दोघं मरोद्याच्या स्वतःच्या घरात आले होते. वहिनी ब्लाऊज शिवते. तिची मशीन पुढच्या खोलीत, आणि आता दादाही पुढच्याच खोलीत. ऐन लग्नसराईत बायका यायच्या बंद झाल्या. समोर पुरुषमाणूस पेपर वाचत असताना माप कोण देणार? शिवाय तो नुसता बसायचाही नाही. मशीनजवळ ओढणी लोंबते म्हणून त्यानं एका बाईला सेफ्टी समजावली होती. ती उठून पद्मनाभपुरातल्या दुसऱ्या शिवणारणीकडे गेली.

"हा सीजन गेला का गिऱ्हाईक गेलं," वहिनी म्हणाली. "मंग मीबी रिटायर."

हुडको कॉलनीत एक तरुण मॅडम आपल्या गॅरेजमध्ये नवशिक्यांना रंगीत काचकाम शिकवायच्या, रोज सकाळी. मी माझं आणि दादाचं नाव देऊन आले. दादाला म्हटलं, मला शिकायचं आहे, स्कूटरवर सोड. आणि उन्हात दोन चकरा कशाला, बस तिथंच.

पहिल्या दिवशी मॅडम कसलं तरी सामान आणायला आत गेल्या. प्लांटमध्ये शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सेफ्टीवर चार शब्द बोलायची पद्धत आहे. दादा उभा राहिला आणि बोलू लागला. चप्पल घालून कोणी काम करणार नाही, केस बांधा, बांगड्या काढा. टेबलाभोवतीच्या बायकांना तेच सर वाटले. मॅडम बाहेर आल्या तेव्हा दोघीजणी बूट आणायला घरी निघाल्या होत्या.

"अंकल, आप कौन?"

"स्टूडेंट," दादा म्हणाला आणि बसला.

काच खरं तर कापत नाहीत. कटरनं तिच्यावर चरा ओढायचा आणि दोन्ही हातांनी हलकेच वाकवायची. ती चऱ्यावर आपोआप मोडते. चरा मात्र एकदाच. त्याच रेघेवरून कटर पुन्हा फिरवला तर काच मनाला येईल तिकडे फुटते आणि कटरचं चाकही खराब होतं. मला ते दुसऱ्याच तुकड्यावर जमलं. दादाची रेघ माझ्याहून सरळ यायची. पण रेघ ओढून झाली की तो वाकून बघायचा, चष्मा वर करून बघायचा, आणि खात्री म्हणून कटर पुन्हा फिरवायचा. मिलमध्ये एकदा तपासलेलं पुन्हा तपासायची सवय. घरी कुलूपही तो दोनदा ओढून बघतो आणि वहिनीच्या गॅसचं बटणही.

"अंकल, दोबारा नहीं."

"दोबारा नहीं, चेक कर रहा हूँ."

आणि काच तडकायची.

"जिंदगीभर रूळ काढले तू," मी म्हटलं, "अन् वीतभर काच सरळ निघून नाही राहिली."

"रूळ फुटत नाही ना. तू आपलं पाह्य."

काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी तो पेपर घेऊन पुढच्या खोलीत बसला. म्हणाला, हे बायकांचं काम आहे, तू जाऊन ये. त्या दिवशी एक नवरी आणि तिची आई मापाला यायच्या होत्या. वहिनी गळ्यात टेप अडकवून दारात उभी राहिली. मी त्याच्यासमोर स्कूटरची चावी धरली.

"मले नाही चालवता येत."

"नागपुरात कोण चालवते मंग?"

"नागपूरचे रस्ते ओळखीचे आहेत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि उठून बूट घातले.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी केलेल्या वस्तू मांडल्या. घरच्यांना बोलावलं होतं, म्हणून वहिनीही आली. माझं पिंपळपान निळ्या-हिरव्या काचेचं, तुकडे नीट जुळलेले, जोडांवरचा डाखही, म्हणजे सोल्डर, बरा बसलेला. दादाच्या पानाला टोक नव्हतं. ते रोज फुटत राहिलं होतं. मॅडमनी सगळ्यांसाठी टाळ्या वाजवल्या आणि कोर्स संपला म्हणाल्या. वहिनीचं तोंड उतरलं. उद्यापासून तो पुन्हा पुढच्या खोलीत. माझीही रजा संपत आली होती. स्कूटरची थाप दुसऱ्यांदा मारायला मी तिथं नसणार होते.

"मेरा नहीं हुआ," दादा म्हणाला.

"अंकल, इसमें पास-फेल नहीं होता."

"कैसे नहीं होता?" त्याला ते खरंच पटेना. प्लांटमध्ये ट्रेनिंगला जो पास होत नाही त्याला पुढच्या बॅचबरोबर पुन्हा बसवतात, मशीनला हात लावू देत नाहीत. हा नियम त्यानंच कित्येकांना लावला होता. "अगली बॅच कब है?"

"सोमवार से. पर वो भी बिगिनर्स की ही है, अंकल."

"तो मैं क्या हूँ?"

मॅडमनी हात टेकले. दादा हातमोजे घालून टेबलावरचे काचेचे कण झाडू लागला, तेवढ्यात वहिनीनं मॅडमना बाजूला घेतलं.

"बेटा, इनको जल्दी पास मत करना."

"आंटी, जो दो-दो बार लाइन मारते हैं, उनको टाइम लगता ही है."

वहिनी तिथूनच बाहेर गेली, फाटकाजवळच्या सावलीत उभी राहिली आणि फोन लावला. मी मागोमाग गेले तेव्हा ती सांगत होती, "सोमवारी सकाळी या ना, नाप द्याले. पोरीलेबी आणा. नाही नाही, घरी कोणीच नसते आता."